तुळशी पाइप रोडवरची वीज

लोअर परळ स्टेशनाच्या पश्चिम अंगाला उतरले की जो रुंद रस्ता लागतो, त्याला जुनी माणसे अजून तुळशी पाइप रोडच म्हणतात. तुळशी तलावाचे पाणी मुंबईला आणणारा नळ या बाजूने आला, म्हणून ते नाव. पाटीवर मात्र सेनापती बापट मार्ग असे लिहिलेले आहे. फिनिक्स आणि कमला या गिरण्या याच रस्त्यावरच्या. त्यांचे भोंगे कधीच मुके झाले, आणि दिवाळीच्या दिवसांत तिथल्या दुकानांवर आता दिव्यांच्या इतक्या माळा सुटतात की लहान पोर आईचा हात सोडून पाहतच राहते.

या दिव्यांत जी वीज खेळते तिची कुळकथा मोठी मजेची आहे. आणि पाटीवरच्या नावाशी तिचे नाते आहे, ते तर मजेपलीकडचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणगावाचे पोट कोळशावर चाले. दूरच्या खाणींतून कोळसा येई, गिरणीच्या बंबात जळे, आणि त्याची काजळी चाळींच्या दोरीवर वाळणाऱ्या धोतरांवर बसे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र चार महिने असा पाऊस कोसळे की नुसता वाया जाई. हे पाणी लोणावळ्याला अडवून कोकणात सोडावे आणि त्या पडण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी 1904 साली वारले. काम दोराबजींच्या हाती आले.

आता वाचकांना वाटेल, पाणी आहे, डोंगर आहे, मग अडले कुठे? अडले ते पैशाच्या गाठीशी. कोळशाच्या कारखान्याला इंजिन स्वस्त आणि खर्च रोजचा. पाण्याच्या कारखान्याचे नेमके उलटे. धरणे, नळ, तारा यांचा सारा पैसा पहिल्याच दिवशी ओतायचा, आणि पुढे पाणी जवळजवळ फुकट. सावकार विचारणारच की वीज झाली आणि कोणी घेतलीच नाही तर? उलट गिरणीमालकाचे इंजिन घरचे होते, चालू होते. त्याने ते मोडीत का काढावे? तेव्हा दोघांना एकत्र बसवावे लागले. गिरणीवाल्याने दीर्घ मुदतीसाठी ठरल्या दराने वीज घेण्याचे कबूल करायचे, आणि त्या सह्यांच्या बळावर कंपनीने भांडवल उभे करायचे. दर कोळशापेक्षा हलका हवा, नाहीतर गिरणीवाला फिरकणार नाही; आणि इतका हलकाही नको की धरणाचे व्याज निघू नये. साराच खेळ या चिंचोळ्या पट्ट्यातला. टाटांची जलविद्युत कंपनी 1910 साली स्थापन झाली. भांडवल इथल्याच लोकांनी दिले, त्यांत संस्थानिकही होते.

वळवण धरणाची कोनशिला 8 फेब्रुवारी 1911 रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी बसवली. बरोबर चार वर्षांनी, 8 फेब्रुवारी 1915 रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली. पूर्वेकडे इंद्रायणीच्या वाटेने जाणारे पाणी पश्चिमेला वळले, घाटावरून खोपोलीत उतरले, आणि त्याची वीज चाळीसएक मैलांच्या तारांवरून परळच्या केंद्रात आली. सिम्प्लेक्स मिल ही तिची पहिली गिऱ्हाईक. महायुद्धात कोळसा दुर्मिळ झाला तेव्हा ज्यांनी आधी सह्या केल्या होत्या ते मालक मिशीत हसले असतील, यात शंका नाही.

यश मिळाले की भूक वाढते. आंध्रा खोऱ्याची वीज 1922 साली भिवपुरीहून येऊ लागली, आणि तिसरे धरण ठरले मुळशीला. इथे मात्र गाठ पडली ती मावळ्यांशी. मुळा-निळेच्या संगमावरची पन्नासएक गावे पाण्याखाली जायची होती. भाताची खाचरे, देवळे, मसणवटे, सगळे. रामनवमीच्या दिवशी, 16 एप्रिल 1921 रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि मावळ्यांनी त्यांना सेनापती केले. ‘जान किंवा जमीन’ ही तिथली घोषणा. बायका धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, माणसे तुरुंगात गेली. बापटांनी शेवटी कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची सक्तमजुरी पत्करली. लढा हरला. भिऱ्याच्या केंद्रातून 1927 साली मुळशीची वीज निघाली, आणि ती ज्या मुंबईने वापरली त्याच मुंबईने पुढे आपल्या गिरणगावातून जाणाऱ्या रस्त्याला बापटांचे नाव दिले! इतिहास अशी थट्टा क्वचितच करतो.

मला या सगळ्यात खटकते ते एवढेच, की दराच्या टेबलाभोवती तीन खुर्च्या हव्या होत्या आणि दोनच मांडल्या गेल्या. गिरणीमालक आणि कंपनी यांनी पै-पैचा हिशेब केला. खाचराचा मालक मात्र नुकसानभरपाईच्या कागदावर नुसता अंगठा उठवायला बोलावला.

पुढे हाच प्रश्न वाऱ्याच्या रूपाने आला. वारा पावसासारखाच. इंधन फुकट, पवनचक्की महाग. जर्मनीने 1990 साली कायदा केला की जवळच्या वीजकंपनीने ही वीज घेतलीच पाहिजे आणि ठरला भाव दिलाच पाहिजे. 2000 साली नव्या कायद्याने तो भाव वीस वर्षांसाठी बांधून दिला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर विजेचा हमीभाव. आपल्या वीज नियामक आयोगाने 2003 सालच्या नोव्हेंबरात नव्या पवनचक्क्यांना पहिल्या वर्षी युनिटमागे 3 रुपये 50 पैसे ठरवले. पुढे दर वर्षी 15 पैशांची वाढ, मुदत 13 वर्षे. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पाती फिरू लागली ती अशाच भरवशावर.

भाव चढा ठेवला तर बोजा वीजबिल भरणाऱ्यावर, उतरता ठेवला तर पाती उभीच राहणार नाहीत. म्हणून पुढे लिलाव आले. देशातल्या पवनविजेच्या 2017 सालच्या पहिल्या मोठ्या लिलावात भाव 3 रुपये 46 पैशांपर्यंत उतरला. बिल भरणाऱ्याला बरे झाले. पण तिसरी खुर्ची लिलावातही कोणी मांडत नाही. पठारावर जमीन विकणाऱ्याला एकदा पैसे मिळतात आणि हिशेब तिथेच मिटतो. युनिटमागे चार पैसे त्याच्या गावाच्या नावे लिहिणे दर ठरवताना काही अवघड नव्हते. 1910 साली नव्हते आणि 2003 सालीही नव्हते.

मुळशीचे पाणी पश्चिमेला सोडावे की भीमेच्या दुष्काळी खोऱ्याला परत द्यावे, हा वाद अजून मिटलेला नाही. दरम्यान बेस्ट टाटांकडून वीज घेते आणि लोअर परळला देते. संध्याकाळ झाली की तुळशी पाइप रोडवरचे दिवे लागतात, आणि बापटांच्या नावाची पाटी त्यांच्या उजेडात स्वच्छ वाचता येते.