गोधडीचा काठ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील एका घरगुती निर्णयाचा इतिहास

प्रस्तावना

गोधडीविषयी मराठीत जे लेखन होते, त्याचा रोख बहुधा मायेच्या उबेकडे असतो. गोधडी ही एक रचना आहे, तिला लांबी, रुंदी, भर आणि कड असते, आणि या प्रत्येक बाबतीत ती शिवणाऱ्या स्त्रीला काही निर्णय घ्यावे लागतात, ही गोष्ट त्या उबेत झाकली जाते. त्यांपैकी एकाच निर्णयाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गोधडीची कड कशी बंद करावयाची, तिला काठ लावावयाचा की नाही, आणि लावावयाचा झाल्यास तो केव्हा व कोणत्या कापडाचा, हा तो निर्णय होय. वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु शेतीवर जगणारा हवेली आणि खेड तालुक्यांचा मुलूख अर्ध्या शतकात कारखान्यांचा पट्टा झाला, तेव्हा घरातील कापड, वेळ आणि श्रम यांचे काय झाले, याचा माग या कडेवरून लागतो.

इतिहासाचे साधन म्हणून गोधडीची अडचण अशी की ती स्वतःचा पुरावा स्वतःच संपविते. ती विरेपर्यंत वापरली जाते आणि विरल्यावर दुसऱ्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जाते. त्यामुळे जुनी गोधडी उसवली असता एखाद्या उत्खननाप्रमाणे थराखाली थर निघतात. कडेच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. गोधडी प्रथम कडेलाच फाटते आणि तेथेच नवी पट्टी चढविली जाते. सबब काठाच्या कापडावरून गोधडीचा काळ ठरवू गेल्यास अंदाज चुकण्याचा संभव फार. काठ हा पुष्कळदा अंगापेक्षा एका पिढीने तरुण असतो.

लुगड्याची घडी आणि न उद्भवणारा प्रश्न

गोधडी, वाकळ, लेपटे अशी नावे प्रदेशपरत्वे आढळतात. तान्ह्या मुलाचे दुपटे हे त्याच कुळातील लहान भावंड. मोठ्या गोधडीचे बाहेरचे कापड पूर्वी सामान्यतः नऊवारी लुगड्याचे असे. या लुगड्याचे माप येथे महत्त्वाचे आहे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याची लांबीकडून चौघडी घातली की सुमारे २ मीटरचे चार थर होतात, म्हणजे प्रौढ माणसाच्या पांघरुणाची नेमकी लांबी मिळते. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी, सव्वा मीटरच्या आतबाहेर. थरांच्या मध्ये जुन्या धोतरांची, फाटक्या सदऱ्यांची भर घालावयाची.

या घडीत कडांचे काय होते? दोन्ही लांब बाजूंना लुगड्याचे विणलेले काठ आपोआप येतात. त्यांचे दोरे सुटत नाहीत. आखूड बाजूंपैकी एकीकडे केवळ घड्या येतात. लुगड्याची दोन्ही टोके, म्हणजे जेथे दोरे सुटण्याची भीती आहे अशा कडा, दुसऱ्या आखूड बाजूला समोरासमोर येतात. त्या आत दुमडून एकमेकींना टाचल्या की काम संपले. काठ लावण्याचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. तो विणकराने आधीच सोडवून ठेवलेला असतो. इरकली लुगड्याचा काठ अंगापेक्षा दाट विणीचा व अधिक टिकाऊ असतो, ही गोष्ट गोधडीच्या कामी येई.

प्रश्न दोन प्रसंगी उभा राहतो. पहिला, दोन माणसांसाठी रुंद गोधडी करावयाची असेल तेव्हा. दोन पन्हे शेजारी जोडले की दोन काठ गोधडीच्या ऐन मध्यावर येतात. ते तसेच ठेवले तर मध्ये जाड कणा राहतो आणि तो पाठीला बोचतो. कापून काढले तर हाती दोन पक्क्या पट्ट्या लागतात, त्या कडेला लावता येतात. दुसरा प्रसंग ठिगळांच्या गोधडीचा. तेथे वरचा थर लहानमोठ्या तुकड्यांचा असल्याने चारही कडांना दोरे सुटे असतात. काही निर्णय घ्यावाच लागतो.

तीन रीती

उपलब्ध रीती मुख्यतः तीन. पहिल्या रीतीत वरचे आणि खालचे कापड दोन्ही आत मुडपून एकमेकांवर शिवले जाते. काठ दिसत नाही. कापड कमी लागते, पण कडेवर दोनच पदर राहतात आणि ती लवकर झिजते. दुसऱ्या रीतीत खालचे अस्तर चारही बाजूंनी तीन-चार बोटे मोठे ठेवून वर आणले जाते आणि मुडपून शिवले जाते. काठ दिसतो तो वस्तुतः अस्तराचाच. वेगळी पट्टी कापावी लागत नाही, जोडावी लागत नाही, आणि कोपऱ्यावर कापड मुळातच अखंड असल्याने तेथे उसवण्याचे भय कमी. कापडाची आणि वेळेची ओढाताण असलेल्या घरास ही रीत सर्वांत सोयीची, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसऱ्या रीतीत स्वतंत्र पट्टी लावली जाते. तिला शिंप्यांच्या भाषेत गोट म्हणतात. (याच शब्दाने मराठीत सैन्याचा तळही दाखविला जातो.) पट्टी सरळ कापावी की उरेब, हा येथील खरा वादाचा मुद्दा. सरळ पट्टी दुमडली की दुमडीची सारी झीज एकाच दोऱ्याच्या रेषेवर पडते आणि तो दोरा तुटला की पट्टी हातभर चिरत जाते. उरेब पट्टीत दोरे दुमडीला तिरपे येतात, झीज अनेक दोऱ्यांत वाटली जाते. पण उरेब पट्टी ताणली जाते, शिवताना हात कमीअधिक ओढला गेला तर कड लहरते, आणि ती कापण्यास अखंड कापड बरेच लागते. साडीचा काढलेला काठ तर उरेब होऊच शकत नाही. तो अरुंद असतो आणि विणला गेला तसाच सरळ वापरावा लागतो. जुन्या काठाच्या पक्केपणावर विसंबून सरळ पट्टी लावणे हा म्हणूनच अज्ञानाचा भाग नव्हता, हाताशी असलेल्या वस्तूचे गुण ओळखून केलेली ती निवड होती.

पट्टीची लांबी गोधडीच्या कडेवरून मोजली की घोळ होतो. वापराने आणि हाताळणीने कड सैल झालेली असते. तिच्या मापाची पट्टी लावली तर ती सैलपणा कायम करते आणि कडेला झालर पडते. माप मध्यावरून घ्यावे लागते आणि कडेचा जादा भाग त्यात सामावून घ्यावा लागतो. कोपरा दोन तऱ्हांनी साधतो. आधी दोन लांब बाजू शिवून मग आखूड बाजूंच्या पट्ट्या त्यांच्यावर चढवावयाच्या, किंवा एकच पट्टी कोपऱ्यावर तिरपी घडी घालून वळवावयाची. दुसरी तऱ्हा देखणी खरी, पण पट्टी सलग हवी.

याखेरीज जुन्यानव्याचा मेळ पाहावा लागतो. गोधडीतील जुने सुती कापड वर्षानुवर्षे धुतलेले, आटून स्थिर झालेले असते. तिला कोऱ्या मांजरपाटाची किंवा लाल कापडाची पट्टी लावली तर पहिल्या धुण्यात पट्टी आटते, कड चुण्या घालून आत ओढली जाते, आणि कच्चा रंग असल्यास तो अंगावर उतरतो. कोरे कापड आधी भिजवून, वाळवून मगच लावावे लागते, ते यासाठी.

कडेवरचा भार

काठाचे प्रयोजन शोभा असे समजणे एकांगी आहे. ग्रामीण महाराष्ट्रात घटस्थापनेपूर्वी घरातील अंथरूण-पांघरूण धुण्याचा प्रघात आहे. या पट्ट्यात हे धुणे पवना, इंद्रायणी आणि भामा यांच्या काठी होई. भिजलेली गोधडी कमालीची जड होते. ती पाण्यातून ओढली जाते ती कडेला धरून. दोघी समोरासमोर उभ्या राहून पिळतात त्या कोपऱ्यांना धरून. वाळत घालताना खडकावर पसरतात तीही कडेनेच. वर्षातून एकदा का होईना, गोधडीचा सारा भार तिच्या काठावर येतो. अस्तर वर घेण्याच्या रीतीला जी पसंती होती तिचे कारण येथे सापडते, कारण तेथे भार शिवणीवर न येता अखंड कापडावर येतो.

आरंभीचा काठ, शेवटचा काठ

हातशिलाईची गोधडी उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावली असता घातली जाई. थर अंगणात पसरून कच्च्या दोऱ्याने टाचले की धावदोरा कडेपासून सुरू होई आणि चौकोनात चौकोन करीत मध्याकडे जाई. या क्रमाचे परिणाम दूरगामी आहेत. कड प्रथम शिवली गेल्याने गोधडीचा आकार पहिल्याच दिवशी पक्का होतो, पुढील कापड आत सरकत जाते आणि मध्यभागी किंचित फुगवटा येतो. म्हणजेच काठाचा निर्णय आरंभी घ्यावा लागतो; तो चुकला तर पुढचे सारे चुकते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया जी कवंदी घालतात तिचा क्रमही असाच कडेकडून आत जाणारा आहे, आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुले येतात. उलट सिंधच्या रल्लीत टाके समांतर रेषांनी धावतात आणि मधल्या क्षेत्राभोवती पट्ट्यांच्या चौकटी उभ्या केल्या जातात. काठ तेथे रचनेचा मानाचा भाग आहे. १९४७ नंतर पिंपरीत वसलेले निर्वासित त्याच सिंध प्रांतातून आले होते, ही नोंद येथे करून ठेवणे उचित ठरेल.

शिवणयंत्राने हा क्रम उलटविला. यंत्राखाली गोधडी गुंडाळून सरकवावी लागते, म्हणून टिपा समांतर पडतात. टिपा पूर्ण झाल्यावर थरांच्या वेड्यावाकड्या झालेल्या कडा कात्रीने सरळ कापल्या जातात आणि शेवटी पट्टी लावली जाते. जी गोष्ट पहिल्या दिवशी ठरत होती ती शेवटच्या तासाला ठरू लागली. काठ हा पायाऐवजी झाकण झाला. या बदलाचे खापर केवळ यंत्रावर फोडणे मात्र बरोबर नाही. त्यामागे कापडाचा आणि वस्तीचा बदल आहे.

कारखान्यांचा काळ

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात भोसरी, आकुर्डी, चिंचवड परिसरात मोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या किल्ल्यासाठी ओळखले जाणारे चाकण १९९० नंतर वाहन उद्योगाचे केंद्र बनू लागले. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या दशकांनी मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भ येथून माणसे या पट्ट्यात आणली. त्यांच्या वळकटीत गोधडी होती; अंगण मात्र नव्हते. दहा बाय दहाच्या खोलीत चार थर पसरून टाचणे आणि चारही बाजूंनी बसून आत सरकत जाणे शक्य नाही. उन्हाळ्याची सवडही पाळीच्या वेळापत्रकात राहिली नाही. गोधडी शिवून देणाऱ्या बाईकडे किंवा शिंप्याकडे काम जाऊ लागले, आणि ज्याच्याकडे काम जाते त्याच्याकडे निर्णयही जातो.

कापडही बदलले. नऊवारीची जागा सहावारीने घेतली. सहा वार म्हणजे सुमारे ५.५ मीटर, तिची तिघडी घातली तर १.८ मीटरचे थर होतात, आणि दोन सुटी टोके एकाच बाजूला न येता समोरासमोरच्या दोन बाजूंना जातात. जी कड पूर्वी घडीनेच मिटत होती तीही आता शिवावी लागते. कृत्रिम धाग्याची साडी आटत नाही, आतील सुती भर आटते. परिणामी बाहेरचे कापड पिशवीसारखे सैल पडते. शिवाय निसरड्या साडीचे अस्तर वर घेऊन मुडपणे कठीण, त्यापेक्षा सुती पट्टी चढविणे सोपे. तयार पट्टीचा प्रसार होण्यात सौंदर्यदृष्टीपेक्षा या निसरडेपणाचा वाटा अधिक असावा. जुन्या सुती कापडालाही नवे गिऱ्हाईक मिळाले. जुन्या कपड्यांवर भांडी देण्याचा व्यवहार पूर्वीचाच. यंत्रशाळांत तेल पुसण्यास चिंध्या लागतात, ही औद्योगिक वस्तीने घातलेली भर. गोधडीची भर आणि यंत्राची पुसणी यांची मागणी एकाच गाठोड्यावर आली.

गाडगेबाबांना लोक ज्या नावांनी ओळखत त्यांत गोधडेबुवा आणि चिंधेबुवा ही दोन्ही होती. गोधडी आणि चिंधी एकाच श्वासात उच्चारणाऱ्या समाजाने गोधडी विकत घ्यावयाची वस्तू मानण्यास बराच काळ घेतला, यात नवल नाही. बचत गटांच्या वस्तूंसाठी महानगरपालिका भरवीत असलेली पवनाथडी जत्रा आणि तिच्यासारखी प्रदर्शने यांमुळे ते घडले. विक्रीसाठी शिवलेल्या गोधडीचे माप पलंगावरून ठरते. नऊ वारांच्या चौघडीतून ते निघत नाही. तेव्हा कमी पडणारी लांबी-रुंदी भरून काढण्याचे काम काठाच्या पट्टीकडे येते. मध्यभाग एकाच मापाचा शिवून ठेवावयाचा आणि पट्टी रुंद-अरुंद करून गिऱ्हाइकाची मागणी पुरी करावयाची, ही युक्ती व्यवहार्य आहे आणि तिच्यात कौशल्यही आहे. अडचण आहे ती मजुरीची. पट्टी लावण्यास, विशेषतः तिरपा कोपरा साधण्यास लागणारा वेळ किमतीत वेगळा धरला जात नाही. गिऱ्हाइकाचा डोळा मात्र प्रथम काठावरच जातो. आतील टिपा विरळ करून काठ रंगीत आणि रुंद करण्याकडे कल होतो तो येथूनच. अशा गोधडीत भर गोळा होऊन एका बाजूस बसते आणि काठ शाबूत राहूनही गोधडी निकामी होते.

धुण्याची रीतही पालटली. इमारतीतील घरात सहा-सात किलो क्षमतेच्या धुलाई यंत्रात मावेल एवढीच गोधडी सोयीची, म्हणून ती दोन-तीन थरांची, पातळ असते. ती कडेला धरून कोणी ओढत नाही, पिळीत नाही. तिच्या काठाला एक टीप पुरते. गावाकडून आलेली सात-आठ थरांची जुनी गोधडी याच शिंप्याकडे काठ बदलण्यास येते, तेव्हा तिच्या जाडीतून यंत्राची सुई जात नाही आणि ते काम दाभणाने, हातानेच करावे लागते.