चहा, ऑरवेल आणि आयएसओ ३१०३

आयएसओ म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना ऑडिट आठवतं आणि पोटात गोळा येतो. पण याच आयएसओने चहा कसा करावा याचंही स्टँडर्ड काढलंय. नंबर ३१०३, साल १९८०. थट्टा नाही!

१०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, पांढरी चिनीमातीची किटली, झाकण लावून ६ मिनिटं. दूध हवंच तर छोट्या किटलीला अडीच मिली. (आमच्या घरी विचारतील, मांजरासाठी का?) याच्या ब्रिटिश भावंडाला, बीएस ६००८ ला, १९९९ मध्ये साहित्याचं इग नोबेल मिळालं. लोक हसले. पण नीट वाचलं तर तो चांगल्या चहाचा स्पेक नाहीच मुळी, सारख्या चहाचा आहे. चव तपासणाऱ्यांना दोन पत्त्यांची तुलना करायची असते, म्हणून बाकी सगळे व्हेरिएबल्स बांधून टाकले.

चांगल्या चहाचा स्पेक लिहिला जॉर्ज ऑरवेलने. हा गडी जन्मला १९०३ मध्ये आपल्या बिहारात, मोतीहारीला. १२ जानेवारी १९४६ च्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याने ११ नियम दिले. पत्ती भारताची किंवा सिलोनची, किटली आधी गरम केलेली, आधी चहा मग दूध, साखर अजिबात नाही.

वाचताना लाडावलेल्या साहेबाचे नखरे वाटतात, पण तेव्हा इंग्लंडात चहा रेशनवर होता, १९४० पासून. रेशन उठलं थेट १९५२ मध्ये. ऑरवेलचा हिशोब २ औंसाचा, म्हणजे ५७ ग्रॅम, आणि त्यातून २० कडक कप निघालेच पाहिजेत. क्वार्टभर किटलीला ६ शिगोशीग चमचे. चमच्याला ३ ग्रॅम धरले तर किटलीला १८, म्हणजे आठवड्याला तीन किटल्या आणि थोडं वर. कप १८० मिलीचा धरा, गणित बरोब्बर बसतं! आयएसओच्या मापाने गेला असता तर १६ कपांवरच डबा रिकामा. आठवड्याला चार कप कमी, तेही लंडनच्या थंडीत.

२००३ मध्ये, ऑरवेलच्या जन्मशताब्दीला, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्याचा दुधाचा नियम खोडला. दूध आधी, कारण उकळत्या चहात पडलं की त्यातली प्रथिनं बिघडतात म्हणे.

पुण्याच्या अमृततुल्यात तर दूध, साखर, पत्ती, वेलची सगळं एकाच पातेल्यात रटरटत असतं. अर्थात आपली बहुतेक पत्ती सीटीसी, १९३० च्या दशकात आसामात आलेल्या मशीनवर चुरडून गोळी केलेली. ती झटकन रंग सोडते आणि दुधाला पुरून उरते. त्या पातेल्यावर ऑरवेलने बारावा नियम केला असता, आणि तो छापण्याजोगा नसता.