रोलची किंमत कोणी मोजली? फिल्मचा भाव, जात आणि आपला न दिसणारा इतिहास

पुण्या-मुंबईच्या फोटोग्राफर मंडळींत हल्ली एक तक्रार सारखी ऐकू येते. जुन्या कॅमेऱ्यात घालायला फिल्म मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. तक्रार खोटी नाही. ३६ फोटोंच्या एका रंगीत रोलला आज हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. रोल धुण्याचे आणि स्कॅन करण्याचे पैसे वेगळे. भारतात आता फिल्म तयार होत नाही. ती अमेरिका, इंग्लंड, जपान अशा देशांतून येते, तिच्यावर आयात शुल्क आणि जीएसटी चढतो.

आता हाच हिशोब चंद्रपूर-गडचिरोलीच्या मजुराच्या बाजूने करून बघू. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एक रोल घ्यायला तीन दिवसांपेक्षा जास्त मजुरी लागते, धुलाई धरली तर आणखी. पण "फिल्म महाग झाली" असे तोच म्हणू शकतो, ज्याला ती कधीतरी स्वस्त होती. आपल्या आजोबा-पणजोबांना ती कधीच स्वस्त नव्हती. म्हणून आपण वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. ज्या दीडशे वर्षांत फोटो काढायला प्लेट किंवा फिल्म विकत घ्यावी लागत होती, त्या दीडशे वर्षांत आपले फोटो कोणाच्या पैशाने निघाले? आणि ज्याच्या पैशाने निघाले, त्याने त्यात काय बघितले?

नाव नसलेले चेहरे

इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड छापले. त्यात भारतातल्या जाती-जमातींचे फोटो आहेत. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. महार, गोंड, ढिवर, सगळे त्या ग्रंथात आहेत. अशा ग्रंथांतल्या फोटोंखाली बहुतेक ठिकाणी जातीचे, जमातीचे किंवा धंद्याचे नाव असते. माणसाचे नाव नसते.

१९४० च्या दशकात फ्युरर-हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद भागातल्या राजगोंडांमध्ये काम केले आणि भरपूर फोटो काढले. आज त्यांचा संग्रह लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' या संस्थेत आहे. त्या माणसाने गोंडांसाठी काम केले, हे मान्यच आहे. पण गोंडाच्या नातवाला आपल्या आजोबाचा चेहरा बघायचा असेल तर लंडनचे दार ठोठवावे लागते, हेही तेवढेच खरे आहे. ज्याची फिल्म, त्याचा फोटो. ज्याचा फोटो, त्याचे कपाट.

यावर कोणी म्हणेल, सुरुवातीला सगळ्यांचीच ही स्थिती होती. तसे नाही. अमेरिकेत १९०० साली कोडॅकने 'ब्राउनी' नावाचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. त्याची सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला मिळे. तिथला सामान्य कामगार आपल्या घरच्यांचे फोटो स्वतः काढू लागला. त्याच्याही आधी, गुलामीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस फोटोचे राजकारण ओळखून होता. गोऱ्यांची व्यंगचित्रे काळ्या माणसाला जनावरासारखी दाखवत. त्यांना उत्तर म्हणून तो नीट कोट घालून, ताठ बसून, कॅमेऱ्याकडे रोखून बघत स्वतःचे फोटो काढून घेई. त्याचे सुमारे १६० फोटो आज उपलब्ध आहेत आणि १९ व्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेला अमेरिकन म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात. सुटाबुटातले, हातात पुस्तक घेतलेले बाबासाहेब आपल्या घराघरांतल्या भिंतीवर का आहेत, हे ज्याला समजले त्याला डग्लसही लगेच समजेल.

गहाण पडलेला छापखाना

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. चांदा जिल्हा त्या दिवशी अजून मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे हे गाव. जंगलपट्ट्यातून माणसे पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने आली. नागपूरच्या सोहळ्याचे फोटो आपण वर्षभर बघत असतो. चंद्रपूरचे फोटो त्या मानाने मोजकेच समोर येतात. आणि त्या मैदानात बसलेल्या हजारो बायामाणसांपैकी ओळखू येईल असा चेहरा शोधायला गेलो, तर हात रिकामेच राहतात.

यात कोणाचा कट शोधायची गरज नाही, तेव्हाचा हिशोब बघितला की पुरे. त्या काळात मध्यम आकाराच्या कॅमेऱ्याच्या एका रोलवर १२ फोटो येत. कच्ची फिल्म परदेशातून येई, आयातीवर परवाने होते आणि परकीय चलनाची टंचाई होती. बारा फोटो म्हणजे बाराच. फोटोग्राफर ते मंचाकडे वळवतो. गर्दी मागे राहते आणि फोटोत ठिपक्यांएवढी दिसते. आपले पूर्वज इतिहास घडवायला हजर होते. रोल त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच संपत होता.

पुढच्या पन्नास-बावन्न दिवसांतच ६ डिसेंबर आला. दिल्लीहून बाबासाहेबांचे पार्थिव मुंबईला आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादरला अंत्यसंस्कार झाले. ती अंत्ययात्रा चित्रित व्हावी म्हणून नामदेव व्हटकर या आपल्याच समाजातल्या लेखक-चित्रपटकाराने धडपड केली. त्यासाठी त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण टाकला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म हजार फूट वापरली तर जेमतेम अकरा मिनिटे पडद्यावर दिसते. हा हिशोब डोक्यात ठेवून ती दृश्ये पुन्हा बघा. संविधानाच्या शिल्पकाराचा शेवटचा प्रवास जपून ठेवायला एका माणसाला पोटापाण्याचे साधन गहाण ठेवावे लागले. दर ६ डिसेंबरला आपण ते चित्रण एका क्लिकवर पुढे पाठवतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे नाव मात्र सोबत पाठवत नाही.

'इंदू' आली, रिकामा फ्लॅशही आला

स्वतंत्र भारताने फिल्मचे परावलंबन ओळखले होते. १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. फ्रान्सच्या एका कंपनीच्या तांत्रिक मदतीने उटीला कारखाना उभा राहिला. थंड हवा आणि कमी धूळ फिल्म बनवायला लागते, म्हणून उटी. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म, फोटोचा कागद, दवाखान्यांसाठी एक्स-रे फिल्म बाजारात आली. बडोद्याला अॅग्फाचा 'क्लिक थ्री' हा साधा कॅमेरा बनू लागला. तालुक्याच्या गावी स्टुडिओ निघाले. आपल्या अनेक घरांतला पहिला फोटो याच काळातला आहे.

सार्वजनिक क्षेत्राने फिल्म थोडी जवळ आणली, हे खासगीकरणाची आरती ओवाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. पण ती सगळ्यांच्या जवळ आली नाही. १९७९ च्या सुरुवातीला सहा डॉलर औंस असलेली चांदी सट्टेबाजीमुळे जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरच्या घरात गेली. फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर चांदीच्या क्षारांचाच असतो. अमेरिकेतल्या सट्टेबाजाचा खेळ असा गावच्या स्टुडिओपर्यंत येऊन पोहोचतो.

लग्नातला 'रिकामा फ्लॅश' जुन्या लोकांना आठवत असेल. रोल वाचवायचा म्हणून फोटोग्राफर बटण न दाबता नुसता फ्लॅश उडवायचा. पाहुणा खूश होऊन बाजूला व्हायचा. तो फ्लॅश कोणावर उडायचा? यजमानाच्या साहेबावर नाही. मळक्या धोतरातल्या दूरच्या मामावर, मजुरीवरून थेट आलेल्या मावशीवर. इतिहासाने आपल्यावर बराच रिकामा फ्लॅश उडवला आहे.

सरकारला आपली ओळख पटवायची होती, तेव्हा मात्र फिल्म कमी पडली नाही. १९९३ मध्ये मतदारांच्या फोटो ओळखपत्राची योजना आली आणि जंगलपट्ट्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो त्या कार्डावर निघाला. हक्काचे कार्ड मिळाले, हे चांगलेच झाले. पण आठवण म्हणून नव्हे, ओळख पटावी म्हणून काढलेला तो फोटो. पुढे रंगीत फिल्म आणि डिजिटलच्या लाटेत हिंदुस्थान फोटो फिल्म्स आजारी पडली आणि शेवटी कारखाना बंद झाला.

हाडे आपली, फोटो त्यांचा

फिल्मवरची चांदी ज्या चिकट थरात बसवलेली असते तो जिलेटिनचा असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून निघते. त्याला आजवर पुरा पर्याय सापडलेला नाही. इंग्रजांच्या काळापासून भारतातून हाडांची निर्यात होत आली. गावात मेलेले जनावर कोण ओढायचे, हे या वाचकांना सांगायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि आपल्या माणसांनी ते सोडले.

विचार करा. ज्या कामासाठी आपल्याला अस्पृश्य म्हटले, त्याच कामातून निघालेली हाडे प्रतिष्ठित उद्योगांचा कच्चा माल होती. जिलेटिनची फिल्म दिवाणखान्यात गेली तेव्हा तिला विटाळ झाला नाही. विटाळ फक्त ओढणाऱ्याला चिकटला. जातीचे अर्थशास्त्र असेच चालते. माल वर सरकतो, कलंक खालीच राहतो.

फोटो आणि जमिनीचा हक्क

हा सगळा भूतकाळ झाला, असे वाटत असेल तर वनहक्क कायद्याकडे या. २००६ च्या या कायद्यात आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पण 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणजे आपली बौद्ध कुटुंबे, ढिवर, इतर मागास, यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. कायद्यात पिढी म्हणजे २५ वर्षे. म्हणजे १९३० च्या आधीपासूनचे वास्तव्य.

ज्यांना १९५६ सालच्या मैदानात स्वतःचा चेहरा मिळाला नाही, त्यांनी १९३० चा पुरावा कुठून आणायचा? गावच्या माणसांबरोबर दाव्यांची कागदपत्रे गोळा करताना हा प्रश्न दर वेळी समोर येतो. नियमांत वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून मान्य आहे, घर, विहीर, दफनभूमी, पूजेची जागा अशा खुणाही मान्य आहेत. तरी कार्यालयात "कागद दाखवा" हेच ऐकू येते. कागद आणि फोटो ज्यांना परवडत होते, त्यांचाच इतिहास खरा मानायचा, असा याचा अर्थ होतो. आपण तो मान्य करायचा नाही.

आता करायचे काय?

कोणी म्हणेल, आता मोबाईल आला, फिल्मचे रडगाणे कशाला? मोबाईलने फोटो स्वस्त केला, आठवण स्वस्त केली नाही. मोबाईल फुटला की हजार फोटो एका क्षणात जातात. नीट ठेवलेली कृष्णधवल निगेटिव्ह मात्र पन्नास-साठ वर्षे सहज टिकते. आणि ती निगेटिव्ह आज धोक्यात आहे. जुने स्टुडिओ बंद होत आहेत, डबे रद्दीत जात आहेत. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी उरलेली असते. जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढण्याचा धंदा आपल्याकडे चालतोच, त्याच भट्टीत आपल्या आजीचा एकुलता एक फोटो वितळू शकतो.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुणांना तीन कामे सुचवतो. पहिले, आपल्या तालुक्यातल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना भेटा आणि निगेटिव्ह फेकू नका, आम्हाला द्या, असे सांगा. त्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली फिल्म टिकत नाही. दुसरे, विहारात एक रविवार ठरवून घरोघरचे जुने फोटो मागवा, त्यांची प्रत काढा आणि मागे नाव, गाव, अंदाजे साल लिहा. मूळ फोटो त्याच घरी परत गेला पाहिजे. तिसरे, फोटो ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब त्याच बैठकीत लिहून घ्या, सही किंवा अंगठा घ्या. उद्या वनहक्काच्या फाईलला तोच कागद लागेल.

रसेलच्या ग्रंथात आपल्या लोकांच्या चेहऱ्याखाली जात लिहिली गेली. आपण नाव लिहू या. त्याला ना चांदी लागते, ना आयात परवाना. एक पेन लागतो, आणि नाव सांगणारी पिढी अजून जिवंत आहे तोवर तो उचलावा लागतो.

जय भीम.