चौकातला पॅटन आणि अलिबागचे वैद्यसाहेब

छावणीच्या गावांत राहणाऱ्या आपल्या मंडळींना चौथऱ्यावरचा पॅटन रणगाडा नवा नाही. मुले त्यावर चढून फोटो काढतात आणि आपण पाहुण्यांना 'टँकपासून डावीकडे वळा' असा पत्ता सांगतो. पण हे रणचिन्ह मिळवले कुणी, हे फारसे कुणी विचारत नाही. मीही नोकरीनिमित्त पंजाबात आल्यावरच या विषयाकडे वळलो.

असे बरेच पॅटन आले ते खेमकरणजवळच्या असल उत्तर गावच्या शेतांतून. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन बियास नदीचा पूल गाठण्यासाठी इकडून घुसली. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून घोड्याच्या नालासारखी मोर्चेबांधणी केली. कालव्याचे पाणी शेतांत सोडले. उभ्या उसात रणगाडे दडवले.

त्यात डेक्कन हॉर्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य, जन्म अलिबागचा! त्यांच्याकडे होते दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. समोर ९० मिलिमीटर तोफेचा, कितीतरी नवा पॅटन. अशा वेळी घाईने गोळा डागणे म्हणजे आपली जागा दाखवून देणे. शत्रू उसातून अगदी टप्प्यात येईपर्यंत बोट आवरून बसायचे; माझ्या मते खरा पराक्रम तो. १० सप्टेंबरपर्यंत कितीतरी पॅटन चिखलात रुतले, फुटले किंवा टाकून दिले गेले. शत्रूने या लढाईत ९७ रणगाडे गमावले असे आपल्याकडे नोंदले आहे. हाती लागलेले भिखीविंडजवळ एका मैदानात ओळीने उभे केले, तेच 'पॅटननगर'. तिथून ते गावोगावच्या चौकांत गेले.

श्रेय एकट्या वैद्यांचे नव्हे. थर्ड कॅव्हलरीचे सलीम कॅलेब यांनाही महावीरचक्र मिळाले, आणि जीपवरील तोफेने रणगाडे फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र.

वैद्यांना दुसरे महावीरचक्र १९७१ च्या युद्धासाठी मिळाले. १९८३ मध्ये ते सरसेनापती झाले. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात स्वतः मोटार चालवत असताना अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

सुट्टीत गावी जाताना वाट वाकडी करून नगरचे (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय जरूर पाहा. पॅटन तिथेही आहे.