म्हातारचळाची नोंद

इंद्रायणीकाठच्या आंबीसारख्या मावळी गावात वृद्धांच्या मनोविकारांचा इतिहास शोधू जाणाऱ्या अभ्यासकाला पहिलीच अडचण येते ती शब्दाची. ज्याला आज विकार म्हटले जाते, त्याला गावाच्या बोलीत ‘म्हातारचळ’ म्हणत. चळ म्हणजे बुद्धीचे ठिकाणावरून ढळणे. आणि ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने ते ढळणे वयाचाच धर्म ठरवून टाकलेले असल्यामुळे त्यावर उपाय शोधण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. या एकाच शब्दात उतारवयातला हट्ट, खाण्याची हाव आणि वयाला न शोभणारे चाळे यांच्या जोडीला आजचे वैद्यक ज्यांना वेगवेगळे मानते ते तीन विकारही कोंबलेले होते. पहिला स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होऊन स्मरण, भाषा आणि दिशाभान हरपणे. दुसरा वार्धक्यातील नैराश्य. आणि तिसरी संभ्रमावस्था, म्हणजे ताप किंवा शरीरातील पाणी घटल्याने अचानक उद्भवणारी, पण वेळीच उपचार झाल्यास बहुधा ओसरणारी बरळ. चरकसंहितेने उन्मादाची व्याख्या करताना मन आणि बुद्धीबरोबर स्मृती, शील व आचार यांचाही विभ्रम सांगितला होता. बोलीने मात्र थट्टेचा शब्द पसंत केला, आणि थट्टेच्या विषयाला कोणी वैद्याकडे नेत नाही.

सरकारी दप्तरातही हा म्हातारा फारसा आढळत नाही, याचे कारण दप्तराच्या रचनेत आहे. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांना चौकट दिली ती प्रामुख्याने रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या माणसांसाठी; त्यांना पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे आणि दंडाधिकाऱ्याने हुकूम द्यायचा, असा रिवाज होता. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड येथे अशी इस्पितळे होती. पुढे १९०१ मध्ये ठाण्याचे आणि १९१५ मध्ये येरवड्याचे मोठे इस्पितळ सुरू झाले. १९१२ च्या कायद्याने नातेवाइकांच्या अर्जाची वाट अधिक रीतसर केली तरी अर्ज, डॉक्टरांचे दाखले आणि कचेरीची पायरी हा सारा व्याप शेतकरी कुटुंबाने ओसरीवर बसून एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणाऱ्या आजीसाठी करावा, हे संभवनीय नव्हते. शिवाय इस्पितळाच्या नोंदींवरही भरवसा ठेवता येत नाही. १८९३-९४ च्या गांजा-भांग चौकशी आयोगाने वेडाच्या कारणांचे रकाने तपासले, तेव्हा ‘गांजा’ हे कारण पुरेशी शहानिशा न करताच भरले जात असल्याचे उघडकीस आले. तिथे वार्धक्याची नोंद काटेकोर झाली असेल, असे मानायला आधार नाही.

मग हा भार वाहिला कोणी? सामान्यतः उत्तर ‘एकत्र कुटुंबाने’ असे दिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. भार वाहिला तो सुनेने, आणि तोही कोणत्याच हिशेबात न धरला जाता. मावळात तर कुटुंब एकत्र म्हणावे असे पुष्कळदा नसेच. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा लोहमार्ग आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर मावळातली तरणी माणसे मुंबईला जाऊ लागली. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या धंद्यात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतलेच गडी प्रामुख्याने होते. मुलगा मुंबईत, मनीऑर्डर गावात आणि म्हातारे सुनेच्या हवाली, ही मांडणी आजच्या परदेशस्थ मुलांच्या बऱ्याच आधीची आहे.

संख्या मात्र खरोखरच बदलली. देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण १९०१ मध्ये सुमारे ५ टक्के होते, ते २०११ च्या जनगणनेत ८.६ टक्के झाले आणि महाराष्ट्रात त्याहूनही अधिक भरले. २०१७-१८ च्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत ठरावीक प्रश्नावलीने पाहिल्यावर ८.३ टक्के वृद्धांत तीव्र नैराश्याची लक्षणे दिसली, तर ‘डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आहे’ असे सांगणारे ०.८ टक्केच निघाले. म्हातारचळ या शब्दाने झाकलेले किती होते, याची ही दहापटीची तफावत पुरेशी कल्पना देते. याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासात साठीपुढील ७.४ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला.

आंबी परिसरात मात्र ही बाब दप्तरात येण्याची वाट बहुधा दवाखान्यातून नव्हे, जमिनीतून जाते. तळेगावची औद्योगिक वसाहत आणि द्रुतगती मार्ग यांमुळे जिरायती शेताला भाव आला, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या वृद्धाचा अंगठा मोलाचा ठरला. करार करणारा शुद्धीवर व समजूतदार असला पाहिजे, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. पण विकण्याजोगे फारसे काही नव्हते तोवर म्हाताऱ्याला समजते की नाही, हे विचारण्याची गरज कोणाला पडली नव्हती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास रद्द करून मागण्याची सोय केली, आणि तो अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे जातो. त्या अर्जावर सही कोणी करायची, हा प्रश्न मात्र ज्याला आपण जमीन दिली हेच आठवत नाही, त्याच्यापाशी येऊन थांबतो.