भोपळ्याआधीचा सलगम

ऑक्टोबर संपत आला की इथे अमेरिकेत आमच्या टीमचा भोपळे कोरायचा कार्यक्रम असतो आणि फोटो काढायचं काम माझ्याकडे येतं. फ्लॅश बंद, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर दोन-तीन सेकंद उघडं. तेव्हा कुठे आतल्या मेणबत्तीचा उजेड फोटोत नीट उतरतो. फ्लॅश मारलात की भुताची भाजी होते!

तर मंडळी, आता इतिहास. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हॅलोविनला लोक सलगम कोरायचे. टणक कंद तो, पोकळ करताना हात भरून येत असणार. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या अशा एका सलगमाचा प्लास्टरचा ठसा आहे. त्याचा फोटो बघाच. आपला भोपळा त्याच्यापुढे अगदी गुणी बाळ वाटतो.

1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक अमेरिकेत आले, त्यांना इथे मोठा, मऊ भोपळा मिळाला आणि प्रथा सुरू झाली, असं सगळीकडे सांगतात. मला हे पूर्ण पटत नाही. मॅसॅच्युसेट्सचा कवी जॉन ग्रीनलीफ व्हिटियर जन्मला 1807 साली. 1840 च्या दशकातल्या 'द पम्पकिन' या कवितेत तो लहानपणी कोरलेले, आत मेणबत्ती लावलेले भोपळे आठवतो. म्हणजे दुष्काळाच्या कितीतरी आधीचे! आणि गंमत म्हणजे ती कविता हॅलोविनची नाहीच, थँक्सगिव्हिंगची आहे. आयरिश लोकांमुळे भोपळा हॅलोविनला चिकटला असेलही, पण तो कोरणारी पोरं इथे आधीपासूनच होती.