घाटमाथ्याचा पाऊस आणि शिमला ऑफिस

पुण्याला हवामानखात्याचं माहेरघर म्हणतात. शिवाजीनगरच्या चौकातल्या दगडी इमारतीला लोक अजून शिमला ऑफिसच म्हणतात. नाव कुठून आलं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. भारतीय हवामान विभाग १८७५ साली कलकत्त्यात सुरू झाला. पुढे त्याचं मुख्यालय शिमल्याला गेलं, १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि १९४४ मध्ये दिल्लीला. मुख्यालय गेलं तरी मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचं काम पुण्यातच राहिलं, आणि देशभरच्या पावसाच्या जुन्या नोंदींचं भांडारही इथेच राहिलं.

मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. या इमारतीपासून पन्नास-साठ किलोमीटरवर भोर आणि वेल्हे आहे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण जिभेचं वळण लवकर जात नाही). शिमला ऑफिसच्या अंगणात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर वेल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर तीन-चार हजारांच्या पुढे. एवढ्याशा अंतरात एवढा फरक, तोही देशातल्या हवामानशास्त्राच्या राजधानीच्या दाराशी. मग इथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिमेच्या या डोंगराकडे कधी आणि कशासाठी पाहिलं? थोडंफार वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की पाहिलं, पण बराच काळ पाठमोरं पाहिलं.

कारण या शास्त्राचा जन्म दुष्काळात आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं अक्षरशः किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर सरकारला दोन गोष्टी हव्या झाल्या. एक म्हणजे कोरड्या मुलखाला पाणी, आणि दुसरी म्हणजे पाऊस येणार की नाही याची आगाऊ खबर. पहिल्या गरजेतून नीरेचा कालवा झाला आणि त्याला पाणी पुरवायला भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण झालं. दुसऱ्या गरजेतून हेन्री ब्लॅनफर्ड यांचे अंदाज आले. हवामान विभागाचे हे पहिले प्रमुख. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा मान्सून कमजोर, असं सूत्र धरून १८८० च्या दशकात त्यांनी मान्सूनचे अंदाज द्यायला सुरुवात केली. एकाच दुष्काळाची ही दोन अपत्यं, एक भोरच्या डोंगरात आणि दुसरं शिमल्याच्या.

पुन्हा १८९९ चा मोठा दुष्काळ आला. मग १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर विभागाचे प्रमुख झाले. वीस वर्षं त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला घटतो, हा झोपाळा त्यांना त्यातूनच सापडला. आज एल निनोच्या बातमीत आपण जे ऐकतो त्याची अर्धी मुळं तिथे आहेत. भारतातला पाऊस समजून घ्यायला निघालेला माणूस पार पेरूच्या किनाऱ्यापर्यंत पोचला!

पण प्रश्न कायम एकच होता : यंदा देशात पाऊस किती?

हा प्रश्न मैदानातला आहे, बारामतीचा, सोलापूरचा. वेल्ह्याच्या भातशेतकऱ्याला तो कधीच पडला नव्हता. त्याच्याकडे पाऊस कमी पडून पडणार किती कमी? त्याचा प्रश्न 'किती' असा नसून 'कधी' असा आहे. राब भाजून ठेवलेत, रोहिणीच्या अखेरीला धूळवाफेवर भात पेरलंय, आता मृगाचा पाऊस वेळेवर यावा. रोप हातभर झालं की आर्द्रेत-पुनर्वसूत चिखलणीला पाणी साचावं. लावणी झाली की आठ दिवस अशी झड लागू नये की रोप मुळासकट वाहून जाईल. आणि पुढे दाणा भरताना मोठी उघडीप पडू नये. आमच्याकडे म्हातारी माणसं पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणायची. त्या नावांत मिलिमीटर नाहीत, पण पावसाचं वेळापत्रक आहे. नक्षत्रांवर पाऊस ठरत नाही हे मला मान्य आहे. तरी प्रश्न बरोबर विचारला होता एवढं श्रेय त्या माणसांना द्यायला हवं.

आणखी एक गंमत पाहा. शिवकाळातले मावळ आणि खोरी आठवा : गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरं, कानद खोरं, मोसे खोरं. बहुतेक नावं एकेका नदीच्या खोऱ्याची आहेत. म्हणजे कारभाराचा तुकडा आणि पाण्याचा तुकडा एकच. कुठल्या डोंगरावर पडलेला पाऊस कुठल्या गावात उतरतो हे देशमुखाला ठाऊक असायचं, कारण त्याचं वतनच त्या उतारावर बेतलेलं होतं. पुढे तालुके झाले, हद्दी बदलल्या, आणि पावसाचा आकडा तालुक्याचा झाला. तालुक्याच्या ठिकाणी कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला कोणीतरी कर्मचारी त्यातलं पाणी मोजनळीत ओतणार, वहीत आकडा लिहिणार आणि तो वर कळवणार. पाच इंच व्यासाच्या त्या तोंडावर अख्ख्या तालुक्याचा पाऊस ठरायचा. सपाट मुलखात हे एक वेळ चालून जातं. वेल्ह्यात डोंगराची एक सोंड ओलांडली की पाऊस निम्म्यावर येतो किंवा दुप्पट होतो.

आकडा कुठे मोजला जातो आणि पाणी कुठे पडतं, यातलं अंतर किती महाग पडू शकतं ते १२ जुलै १९६१ ला पुण्याने पाहिलं. पानशेत वेल्हे तालुक्यातच येतं. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं, आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता. तलाव अपेक्षेपेक्षा फार लवकर भरला. भराव खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पुण्यावर पुण्याचा पाऊस कोसळला नव्हता. कोसळला होता तो वेल्ह्याचा पाऊस. धरण का फुटलं याची मुख्य कारणं बांधकामातली आणि घाईतली होती, ती पावसावर ढकलू नयेत. पण वरच्या खोऱ्यात तासातासाला किती पाणी पडतंय हे खाली शहरात कळायची काही सोय तेव्हा नव्हती, हेही खरंच.

पुढच्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६२ ला, पुण्यात उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनाची संस्था सुरू झाली, तीच आजची आयआयटीएम. हा योगायोगच, पानशेतशी त्याचा संबंध जोडू नये. पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. सुरुवातीचा पत्ता विद्यापीठ रस्त्यावरचा रामदुर्ग हाउस. (एका जुन्या संस्थानाच्या नावाच्या बंगल्यात ढगांचा अभ्यास! आमच्या भोरच्या संस्थानाला हा मान मिळाला नाही.) विद्यापीठ शेजारीच असल्यामुळे इथल्या कितीतरी जणांनी पीएच.डी. पुणे विद्यापीठातून केली.

आणि इथे प्रथमच कोणीतरी डोंगराकडे नीट तोंड करून बसलं. आर. पी. सरकार यांनी १९६६ साली सह्याद्रीवरच्या पावसाचं एक गणिती प्रारूप मांडलं. समुद्रावरून येणारा वारा डोंगराला आदळून किती वेगाने वर चढतो, चढताना किती वाफेचं पाणी होतं, ते थेंब वाऱ्याबरोबर वाहत नेमके कुठे पडतात, हे मुंबई ते पुणे अशा उभ्या छेदावर त्यांनी मांडलं. माथ्याच्या आसपास पाऊस कळसाला जातो आणि पूर्वेला उतरलं की झपाट्याने घटतो, हे त्या काळच्या साधनांवर आकडेमोड करून दाखवणं सोपं नव्हतं. वेल्ह्यातला गुराखी म्हणेल की हे आम्हाला आजोबापासून माहीत आहे. बरोबर आहे, पण का आणि किती हे आजोबांना माहीत नव्हतं.

मला यात सगळ्यात जवळचं वाटणारं काम मात्र सुलोचना गाडगीळ यांचं. पुण्यात १९४४ साली जन्म, माहेरच्या फाटक, फर्ग्युसनला शिक्षण, मग हार्वर्डची डॉक्टरेट. १९७१ मध्ये परतल्यावर दोन वर्षं त्या पुण्यात याच संस्थेत होत्या. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वातावरणशास्त्राचं अध्ययन उभं करण्यात मोठा वाटा उचलला. मान्सून म्हणजे जमीन तापते म्हणून समुद्रावरून येणारा अवाढव्य वारा, असं आपण सगळे शाळेत शिकलो. पुण्याच्या डी. आर. सिक्कांबरोबर त्यांनी १९७३ ते ७७ च्या उपग्रह-चित्रांवरून रोजच्या रोज ढगांचा पट्टा कुठे आहे हे मांडलं आणि १९८० मध्ये निबंध लिहिला. दिसलं ते असं : विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा तयार होतो आणि उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. तो विरतो, तेव्हा दोन ते सहा आठवड्यांनी मागून दुसरा येतो. जमीन किती तापली यापेक्षा हा पट्टा कुठे आहे ते महत्त्वाचं.

म्हणजे 'किती' जाऊन 'कधी' आलं! झड आणि उघडीप हा आमच्या मावळातल्या भातशेतकऱ्याचा जुनाच प्रश्न, आणि तो आता मान्सूनच्या अभ्यासाच्या मध्यभागी येऊन बसला. पुढे गाडगीळ बाईंनी कर्नाटकातल्या भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची योग्य वेळ कोणती यावरही काम केलं. शेतकऱ्याचा प्रश्न विचारूनच मग गणिताला बसायचं, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या. पुण्याच्या वर्तमानपत्रांत याहून जास्त जागा मिळायला हवी होती असं मला वाटलं. असो.

देशाच्या अंदाजाची गोष्ट त्या मानाने सर्वांना माहीत आहे. १९८७ च्या दुष्काळानंतर वसंत गोवारीकर (हेही पुण्याचेच) यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचं प्रारूप आलं. १९८८ ला अंदाज बरोबर आला आणि पुढची अनेक वर्षं खातं निश्चिंत राहिलं. २००२ मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज होता आणि देशात १९ टक्के तूट पडली. मग प्रारूप बदललं. त्या वेळी महासंचालक असलेले रंजन केळकर निवृत्तीनंतर पुणे विद्यापीठात इस्रोच्या अध्यासनावर शिकवायला आले. फसलेला अंदाज ज्याने आतून पाहिलाय असा शिक्षक मिळणं हे त्या विद्यार्थ्यांचं भाग्य समजायला हवं.

बारामतीकडे आयआयटीएमने १९७३ ते १९८६ या काळातले अकरा पावसाळे डाकोटा विमानातून ढगांत मिठाची पूड फवारली आणि पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचं अनुमान काढलं. हाच तो पर्जन्यछायेतला मुलूख, ज्याच्यासाठी भाटघर बांधलं. भोरच्या डोंगराने अडवलेलं पाणी कालव्याने न्यायचं, आणि डोंगर ओलांडून सुटलेल्या ढगातून उरलंसुरलं विमानाने काढायचं. याला चिकाटी म्हणायचं की हाव, ते मी ठरवलेलं नाही.

ज्यांच्या डोंगरावर हे पाणी पडतं त्यांना काय मिळालं? पुण्याच्या चार धरणांची क्षमता २९.१५ टीएमसी. त्यातलं पानशेत १०.६५ आणि वरसगाव १२.८२ वेल्ह्यातली. भोरमधलं भाटघर साडेतेवीस, नीरा-देवघर पावणेबारा. पावसाळ्यात या धरणांचे आकडे रोज पेपरात येतात आणि शहर त्यावर आपली पाणीकपात ठरवतं. ज्या वाड्यांवरचा हा पाऊस, तिथे मार्च-एप्रिलमध्ये टँकर येतात. पाऊस मोजला जातो तो धरणापुरता. पिकाची नुकसानभरपाई ठरवतानाही चोवीस तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी हे माप आहे. आमच्याकडे जुलैत ६५ मिलिमीटर हा साधा दिवस असतो. नुकसान होतं ते दोनशे-तीनशेने, बांध फुटून. त्या आकड्यात ते वेगळं दिसत नाही. आता 'महावेध'मुळे महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं आली, ही खरी सुधारणा. पण एका मंडळात तीन-तीन डोंगररांगा असतात.

भोरहून दक्षिणेला मांढरदेवीचा डोंगर दिसतो. काळूबाईच्या त्या डोंगरावर आयआयटीएमने रडार बसवलं. घाटावरचे ढग कुठे जन्मतात, किती वाढतात हे त्यातून क्षणाक्षणाला टिपता येऊ लागलं. सह्याद्रीच्या समुद्राकडच्या अंगाला जो धो धो पाऊस पडतो तो बराचसा बुटक्या ढगांमधून पडतो, आणि उंच वाढणारे ढग पूर्वेच्या, कमी पावसाच्या बाजूला जास्त दिसतात, असं या निरीक्षणांतून पुढे आलं. मी हे वाचल्यापासून जुलैत वेल्ह्याला गेलो की ढगांकडे निराळ्या नजरेने बघतो. डोक्यावर टेकलेले, गडाचा बालेकिल्लाही झाकायला कसेबसे पुरणारे, आणि दिवसभर न थकता गळणारे.

२६ मे २०२५ ला पाषाणच्या संस्थेत घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधीचं प्रारूप बारा किलोमीटरच्या चौकटीत देश पाहत होतं, हे सहाच्या चौकटीत पाहतं. तोरणा आणि राजगड यांच्यात सरळ रेषेत सातेक किलोमीटर अंतर आहे. बाराच्या चौकटीत दोन्ही गड एकाच घरात बसू शकत होते, आणि त्यांच्यातल्या दऱ्या, वाड्या, गुंजवणीचं पात्र हे सगळं एका आकड्यात सपाट होत होतं. आता निदान दोन गडांना दोन आकडे मिळतात.